मुहूर्ताचा चिरूट

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा किल्ल्यांना दारं होती, दारांवर पहारे होते आणि माणसांना गोष्टी ऐकायला सवड होती. ही गोष्ट एका चिरुटाची आहे. लहानग्यांनी ती नुसती ऐकावी. मोठ्यांनी ऐकून थोडा विचारही करावा, अर्थात सवय असेल तर.

एका राज्याच्या सीमेवर एक डोंगरी किल्ला होता. तिथला किल्लेदार शूर होता, मनाचा चांगला होता, पण त्याला एक खोड होती. चांगली वस्तू हाती आली, की तो ती चांगल्या दिवसासाठी ठेवून द्यायचा. बायकोचा भरजरी शालू पेटाऱ्यात, कुणी आणलेला रानातला मध फडताळात, आणि घरात दिवस आपले साधेच येत-जात.

एकदा शत्रूने किल्ल्याला वेढा घातला. नेमका त्याच वेळी एक गंधी अत्तरं विकायला गडावर आला होता. दरवाजे बंद झाले आणि तो आतच अडकला. गंध्याचं सगळं भांडवल म्हणजे त्याचं नाक. कुपीचं बूच न काढता तो आतलं अत्तर ओळखायचा.

वेढा पावसाळाभर चालला. दिवेलागणीला किल्लेदार बुरुजावर बसून चिरूट ओढायचा, आणि गंधी सोबतीला यायचा. किल्लेदार भसाभसा धूर काढायचा. गंध्याला ते बघवेना.

"अहो किल्लेदार, धूर असा ओढायचा नसतो, बोलवायचा असतो," एक दिवस तो म्हणाला. "घरी जावई येतो ना, तसा. दमानं आत घ्यायचा, तोंडात जरा बसवायचा, विचारपूस करायची आणि मानानं वाटेला लावायचा. पार छातीत न्यायचा नाही."

"आणि ही राख?"

"राहू द्यायची. राख म्हणजे विस्तवाचं पांघरूण. सारखी झटकलीत की चिरूट तापतो आणि कडू होतो." मग त्याने किल्लेदाराची तंबाखूची पिशवी नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. "ही हिंगाच्या डब्याशेजारी ठेवता की काय? तंबाखू फार भिडस्त असते हो. शेजारी जे असेल, त्याचा वास अंगाला लावून घेते."

किल्लेदार ओशाळला. पिशवी त्याने त्याच दिवशी हिंगापासून हलवली. पण 'हिंगाशेजारी ठेवू नये' एवढंच त्याच्या ध्यानात राहिलं. आपण सगळे असंच ऐकतो.

पुढे धान्य आटलं, तंबाखू तर केव्हाच संपली. मग गंधी नुसत्या गोष्टी सांगू लागला. तरुणपणी एका बंदरावर त्याने एक चिरूट जळताना पाहिला होता. दूरच्या एका बेटावरचं तंबाखूचं पान. एका वर्षी ते असं काही पिकलं की पुन्हा तसं पिकलं नाही, आणि मग समुद्राने ते बेटच गिळलं.

"आधी भिजलेल्या गवताच्या गंजीचा वास आला," गंधी डोळे मिटून सांगायचा. "मग भट्टीतल्या गरम हरभऱ्यांचा. आणि विस्तव बोटांजवळ आला तेव्हा, गुऱ्हाळात काहील उतरवताना गुळाचा येतो ना, तो. मी नुसता शेजारी उभा होतो, किल्लेदार. एक झुरका मिळाला असता, तर जन्माचं सोनं झालं असतं."

उपाशी पोटी किल्लेदार ते पुन्हापुन्हा सांगायला लावायचा. गवत, हरभरे, गूळ. त्याला ते पाठ झालं. त्या गुळाच्या वासावर दोघांनी किती संध्याकाळी काढल्या, त्यांनाच ठाऊक.

अखेर वेढा उठला. गंधी घरी निघाला, तेव्हा त्याने आपली चंदनाची पेटी किल्लेदाराच्या हातात ठेवली. तिच्या खणांत त्याने वर्षानुवर्षं केवडा आणि गुलाब जपला होता. "तुमच्यामुळं जीव वाचला. ही आठवण राहू द्या," असं म्हणून तो गड उतरला.

काही दिवसांनी राजा गडावर आला. म्हणाला, "किल्लेदार, काय हवं ते माग. जहागीर माग."

किल्लेदार म्हणाला, "महाराज, आपल्या जामदारखान्यात त्या बुडालेल्या बेटावरचा चिरूट असेल, तर तो द्यावा."

दरबारी तोंडावर हात ठेवून हसले. पण चिरूट निघाला, एकच, शेवटचा. काळसर, किंचित तेलकट, बोटाएवढा जाड. किल्लेदाराने तो रेशमात गुंडाळला. घरातली सर्वांत मानाची वस्तू म्हणजे मित्राने दिलेली पेटी, म्हणून तो त्याच पेटीत ठेवला आणि झाकण घट्ट लावलं. हिंगाचा डबा लांब आहे ना, हेही त्याने पाहून घेतलं.

दिवाळीच्या आधी गंधी अत्तरं घेऊन आला. किल्लेदाराने बातमी सांगितली, तसा गंधी ताडकन उभाच राहिला. "काढा, काढा!"

"छे! असला चिरूट असा कधीही पेटवायचा? दिवस तसा हवा. आणि ओढायचा तो तुमच्याबरोबरच."

गंधी हसला. "बरं. दिवस तुमचा, झुरका माझा."

गंधी दर दिवाळीआधी यायचा, पण तसा दिवस काही येईना. एका वर्षी घरात पाहुणे होते, एका वर्षी आभाळ भरून आलं होतं. किल्लेदाराची बायको म्हणायची, "अहो, लोणचंसुद्धा इतकं मुरवत नाहीत." किल्लेदार नुसता हसायचा.

एका वर्षी गंधी आला आणि अंगणातच टेकला. मग हळूच म्हणाला, "किल्लेदार, नाक पातळ होत चाललंय. मोगरा कळतो, वाळा कळत नाही. तेवढा चिरूट आज काढता का?"

किल्लेदाराला वाईट वाटलं. तो उठलाही. पण खोड आडवी आली. तो म्हणाला, "थोडं थांबा हो. मार्गशीर्षात महाराज गडावर येणार आहेत. त्यांनी दिलेला चिरूट त्यांच्यासमोर, तुमच्या हातानं पेटवू. याहून मोठा मुहूर्त कोणता?"

गंध्याने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. "बरं," एवढंच म्हणून त्याने अत्तरांची झोळी उचलली.

खरं सांगतो, इथे मला त्या किल्लेदाराचा संताप येतो. पण घरोघरी असा एखादा पेटारा असतोच, माझ्याही घरी आहे. म्हणून पुढचं सांगतो.

मार्गशीर्षात महाराज काही आले नाहीत. पुढच्या वर्षी दिवाळी होऊन गेली, तरी गंधीही आला नाही. मग एका दुपारी तो काठी टेकत गड चढून आला. खांद्यावर झोळी नव्हती.

"अत्तरं कुठं आहेत?" किल्लेदाराने विचारलं.

"धंदा बंद केला. तापात नाक गेलं. परवा चुलीपाशी बसलो होतो, आणि समोर दूध करपलं तरी कळलं नाही. म्हटलं, उगीच कशाला गड चढायचा? मग वाटलं, तुम्हाला भेटायला नाक कशाला लागतं?"

किल्लेदार उठला. तडक आत गेला आणि पेटी घेऊन आला. भर दुपार होती, अंगणात वाळवण पडलं होतं, त्याच्या अंगात जुनी बंडी होती. त्याने चिरूट काढला आणि चुलीतल्या निखाऱ्यावर पेटवला.

गंध्याने तो हातात घेतला. शिकवलं होतं तसाच, दमाने, एक झुरका घेतला. मग चिरूट किल्लेदाराकडे दिला आणि डोळे मिटले. "मला काही कळत नाही. आज माझं नाक तुम्ही व्हा. सांगा, काय येतंय?"

किल्लेदाराने झुरका घेतला. तोंडात चंदन आलं. मागून केवडा आला, गुलाब आला. लग्नमंडपाच्या दारात उभं राहावं तसं वाटलं. पानाचा वास औषधालाही उरला नव्हता. त्याच्या काळजात चर्र झालं.

"भिजलं गवत," तो म्हणाला.

गंध्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "आणि आता?"

"हरभरे. भट्टीतले, गरम."

राख वाढत गेली, दोघांपैकी कुणीही ती झटकली नाही. विस्तव बोटांजवळ आला तेव्हा गंध्याने अगदी हलक्या आवाजात विचारलं, "आणि गूळ?"

"आला," किल्लेदार म्हणाला. "गूळ आला."

गंध्याने समाधानाने हात खाली टेकला. तो शेजारच्या पेटीवर पडला. बोटं झाकणावरून फिरली, आतल्या खणांतून फिरली, आणि थांबली. इतकी वर्षं हाताळलेली पेटी ती.

"ह्यात ठेवला होतात?"

"हिंगापासून लांब ठेवला होता," किल्लेदार लहान मुलासारखा म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

गंध्याला सगळं कळलं. मग त्याने किल्लेदाराच्या बोटांतला चिरूट घेतला आणि शेवटचा झुरका मानाने वाटेला लावला.

"गूळ आला म्हणालात ना?" तो म्हणाला. "मग आला."

किल्लेदाराने त्याला पुन्हा गड उतरू दिला नाही, कायमचा ठेवून घेतला. त्याच संध्याकाळी पेटारा उघडला. कसरीने जागोजागी खाल्लेला शालू नेसून बायकोने भाकऱ्या भाजल्या, आणि तिघांनी दगडासारखा झालेला मध कोरून कोरून खाल्ला. पण त्या बेटावरचं पान कसं लागतं, हे मात्र किल्लेदाराला कधीच कळलं नाही, आणि गंध्यालाही नाही.

म्हणून शहाण्याने मुहूर्त शोधत बसू नये. आपलं माणूस दारात आलं, की तोच मुहूर्त.