नारळी पौर्णिमेची सुट्टी

एकदा एका म्हातारीने आपल्याच शिष्येच्या हातातला कुंचला काढून घेतला आणि स्वतःच्या कंबरेला खोचला, तेही गणपती वीस दिवसांवर आले असताना. या कृतीचा अर्थ कुणालाच लागला नाही. दाराशी टेम्पो घेऊन आलेला व्यापारी कपाळाला हात लावून बसला. शिष्येला तर तो धडधडीत अपमान वाटला. म्हातारीला त्याचं काही नव्हतं. जगाला समजेल असंच वागायचं, असा तिने कधी नेम केला नव्हता.

ते गाव मूर्तिकारांचं. घरटी एक कारखाना. कारखाना म्हणजे यंत्रांचं धूड नव्हे. पत्र्याची लांब पडवी, फळ्यांवर ओळीने मांडलेले गणपती आणि रंगाच्या वासात बुडालेली माणसं. एकदा माती मळायला घेतली की भाद्रपदातल्या चतुर्थीपर्यंत कुणाला मान वर करायला सवड नाही. इतर गावांची पोरं मे महिन्यात मामाकडे जातात. इथली पोरं मे महिन्यात मूर्ती उन्हात ठेवतात आणि ढग आला की आत घेतात.

त्या म्हातारीला सगळे आत्या म्हणत. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं, पण डोळ्यांची आखणी तिच्यासारखी पंचक्रोशीत कुणाला साधली नाही. आखणी हे या धंद्यातलं शेवटचं आणि सर्वांत अवघड काम. सोंड कुणीही रंगवील, पितांबर कुणीही रंगवील. बुबुळं मात्र अशी ठेवावी लागतात की समोर हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसाला वाटावं, देव माझ्याकडेच बघतो आहे. केसभर इकडेतिकडे झालं की नजर चुकली. आणि नजर चुकलेली मूर्ती म्हणजे रंगवलेली माती.

तीन वर्षांपूर्वी आत्याचा हात कापू लागला. तिने रडारड केली नाही. कुंचला धुतला, पुसला आणि आपल्या शिष्येच्या, कुंदाच्या हातात ठेवला. त्या कुंचल्यावर गावातल्या चार मिशीवाल्यांचा डोळा होता. "बाईमाणूस आखणीला?" असं एकाने विचारलंही. आत्या म्हणाली, "मी काय आजवर मिश्या लावून आखत होते?" विषय संपला.

तेव्हापासून आखणीचा सगळा भार कुंदावर आला. नवरा जहाजावर, घरी दोघीच: ती आणि तिची मुलगी जुई. जुई यंदा आठवीत. पाचवीत असताना तिने एक गोष्ट मागितली होती. दोन गाड्या बदलून जावं लागतं अशा ठिकाणी एक मोठी बाग आहे. पाण्याच्या घसरगुंड्या, आभाळात नेणारे पाळणे, अंधाऱ्या गुहेतून धावणारी छोटी आगगाडी. थीम पार्क म्हणतात. वर्गातल्या मुली जाऊन आल्या होत्या. कुंदाने लेकीला शब्द दिला, "नेते. चांगली सुट्टी बघून नेते."

आणि मग ती खरोखरच चांगली सुट्टी बघत बसली. एक नाही, दोन नाही, तीन वर्षं!

त्या दिवशी दुपारच्या चहाला कुंदाने वहीचं एक पान आत्यापुढे धरलं. पानावर चार चौकटी आखलेल्या. मे महिना, गणपती, दिवाळी, नाताळ. आत्याला अक्षर लागत नव्हतं, म्हणून कुंदा वाचून दाखवू लागली.

"मे महिन्यात ऊन मी म्हणतं, आणि आपल्याला इथून हलता येत नाही. गणपतीच्या सुट्टीत घरात देव, पाहुणे, आरत्या. देव घडवणारी बाईच पाळण्यात बसायला गेली तर लोक तोंडात शेण घालतील. दिवाळीत सवड असते, पण सगळा महाराष्ट्र तिथेच लोटतो. एकेका घसरगुंडीला दोन-दोन तास रांग, असं पोस्टातली वहिनी सांगत होती. नाताळात हवा छान, पण गर्दी तीच. शिवाय तेव्हा आपली नव्या साच्यांची कामं निघतात. तरी मला वाटतं आत्या, नाताळच बरा. यंदाचा नको; पुढच्या वर्षीचा. म्हणजे सगळं नीट ठरवून जाता येईल."

"जुई काय म्हणते?" आत्याने विचारलं.

"ती काही म्हणत नाही." कुंदाच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "शहाणी झाली हो पोर! आधी रोज मागे लागायची. यंदा एकदासुद्धा विषय काढला नाही. हट्ट सोडला तिने."

आत्याने कप खाली ठेवला. चहा अर्धा तसाच. गुडघ्यांवर हात रेटून ती उठली आणि कुंदाने त्या आठवड्यात आखलेल्या अकरा मूर्तींपुढे जाऊन उभी राहिली. प्रत्येकीसमोर हात जोडायची, थोडं थांबायची, पुढे सरकायची. अकरावी झाली. मग ती परत आली, कुंदाच्या हातातला कुंचला काढून घेतला, कंबरेला खोचला आणि म्हणाली, "उद्या नारळी पौर्णिमा. शाळेला सुट्टी आहे. पोरीला घेऊन त्या बागेत जा."

कुंदा बघतच राहिली. "उद्या? आत्या, आत्ता शेठ येतायत ह्या अकरा न्यायला. अजून तेवीस आखायच्या आहेत. बाहेर पाऊस धो धो लागलाय!"

"पाण्यात भिजायलाच जातात ना तिथे? मग नळातून आलं काय नि वरून आलं काय!"

"थट्टा नको." कुंदाचा आवाज चढला. आत्याच्या हाताखालच्या बावीस वर्षांत तो पहिल्यांदा चढला. "माझं काम पसंत नसेल तर तोंडावर सांगा. कुंचला असा काढून घेऊ नका. ही सगळी माणसं बघतायत."

"बघू देत. डोळे त्यासाठीच दिलेत."

एवढ्यात व्यापारी आला. मोठ्या शहरातला, दरवर्षीचा, माणूस वाईट नव्हे पण घाईचा. मूर्ती आज मिळायच्या नाहीत असं कळल्यावर तो उसळला. "आत्याबाई, टेम्पो उभा आहे बाहेर!"

"उभा राहू दे. टेम्पोचे पाय दुखत नाहीत."

"अहो, मूर्ती तर तयार दिसतायत!"

"शेठ, चपला काढा. त्या पहिल्या मूर्तीसमोर उभे राहा. हात जोडा. मनातलं काय मागायचं ते मागा. मग सांगा मला, देव तुमच्याकडे बघतो का?"

व्यापारी कुरकुरत उभा राहिला. हात जोडले. एक पाऊल उजवीकडे सरकला, एक डावीकडे. दुसऱ्या मूर्तीसमोर गेला, तिसऱ्या. त्याची कुरकुर थांबली.

"माझ्या खांद्यावरून मागे बघतो," तो हळूच म्हणाला. "सगळेच."

"मागे काय आहे?"

व्यापाऱ्याने वळून पाहिलं. "दार."

मग कुंदा पुढे झाली. स्वतःच्या हातच्या मूर्तींपुढे ती परक्यासारखी उभी राहिली आणि तिचा चेहरा उतरला. शाळा सुटली की त्याच दारातून जुई आत डोकावायची, किल्ली घ्यायची आणि आईला हाक न मारता घरी जायची. गेले कित्येक दिवस कुंदाचं अर्धं चित्त त्या दाराशी होतं, आणि ते कुंचल्याने चोख उतरवून ठेवलं होतं.

आत्याने तिला बाकावर बसवलं. आवाज आता उतरला होता.

"कुंदे, चतुर्थीला घरी स्वयंपाक करतेस. नैवेद्याचं पान केव्हा वाढतेस? सगळ्यांच्या पंगती उठल्यावर?"

"असं कसं? आधी."

"का आधी? देव तर जिन्नस उचलून खात नाही. सगळ्यांची पोटं भरल्यावर पातेलं खरवडून जे निघेल ते ठेव त्याच्यापुढे. त्याला काय कळतंय?"

कुंदाने कानाला हात लावला.

"नाही ना चालत! पातेलं भरलेलं असतं, घरात भुकेली माणसं ताटकळलेली असतात, तेव्हा पहिली मूद त्याची. म्हणून तो नैवेद्य. नंतर ठेवलं तर ते उरलंसुरलं. आता तुझं हे पान बघ. चार चौकटी तू आखल्यास. गर्दी मोजलीस, ऊन मोजलंस, लोक काय म्हणतील तेही मोजलंस. पण चारही चौकटींत एकच गोष्ट शोधलीस: माझं काही न अडता कुठला दिवस उरेल. पोरीला तू उरलेला दिवस द्यायला निघालीस, आणि तोही पुढच्या वर्षी."

"पण आत्या, तिने हट्ट सोडलाच ना..."

"ते ऐकून तू खूश झालीस, आणि माझ्या घशाखाली चहा उतरेना. पोर मागते तोवर तिचा आपल्यावर भरवसा असतो गो. मागायचं थांबली म्हणजे शहाणी झाली असं आपण म्हणतो, कारण ते आपल्या सोयीचं असतं. माझा मुलगा नऊ वर्षांचा होता तेव्हा सर्कस बघायची म्हणून रडायचा. मी म्हटलं, हंगाम संपू दे. हंगाम संपला तेव्हा सर्कस तंबू उचलून गेली होती. दुसऱ्या वर्षी तो बोलला नाही. आज पन्नाशीचा आहे. गुणी आहे, सणाला फोन करतो, माझी तब्येत विचारतो. पण मागत काही नाही. एवढ्या वर्षांत एकदाही त्याने माझ्याकडे काही मागितलेलं नाही."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. व्यापाऱ्याने चपला पायात घातल्या आणि म्हणाला, "मी परवा येतो, आत्याबाई." जाता जाता थांबला. "माझ्या धाकट्याची पण उद्या सुट्टी आहे वाटतं." एवढंच बोलून तो गेला.

त्या अकरा मूर्तींचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. परतल्यावर कुंदाने ते डोळे रंगाने झाकले आणि नव्याने आखले. एका बैठकीत, पाणीसुद्धा न पिता. व्यापारी घेऊन गेला आणि तक्रार आली नाही. आणि कुंदा नव्हती त्या दिवशी आत्याने काय केलं? उरलेल्या तेवीस मूर्तींच्या सोंडा, कान, मुकुट, जे जे कापऱ्या हाताला झेपेल ते सगळं स्वतः उरकून ठेवलं. पंचाहत्तर वर्षांची बाई जमिनीवर बसून दिवसभर मुकुट रंगवत होती! नुसता उपदेश करणारे पुष्कळ असतात. उपदेश करून दुसऱ्याचं काम आपल्या अंगावर घेणारी माणसं फार थोडी, आणि अशा माणसाला मी वाकून नमस्कार करते.

आता त्या पौर्णिमेकडे येऊ. मायलेकी पहाटेच्या एसटीने निघाल्या. जुई खिडकीशी बसली. आनंद दाखवावा की नाही, हे तिचं ठरलेलं नव्हतं. आई मध्येच परत फिरेल, कुणाचा तरी फोन येईल, अशी तिची पक्की समजूत असावी. दर थोड्या वेळाने ती आईच्या पिशवीतल्या फोनकडे बघत होती.

बागेत गर्दी नव्हती. पावसाने निम्मी माणसं घरी बसवली होती. उंच पाळणा सकाळी बंद होता, सर थांबल्यावर सुरू झाला. कुंदा त्यात बसली मात्र, वर जाताच तिने डोळे घट्ट मिटले आणि ज्या देवांना आयुष्यभर घडवलं त्या सगळ्यांना एकदम हाका मारल्या. जुई हसली. पोट धरून हसली. खाली उतरल्यावर दोघी एका पत्र्याच्या छपराखाली ओल्या कपड्यांनी बसल्या आणि डब्यातला नारळीभात खाऊ लागल्या.

खाता खाता जुईचा घास थांबला. "आई, एक विचारू? आज कसं काय आणलंस? आज तर तुला अजिबात वेळ नसेल."

कुंदाने थोडा विचार केला. "म्हणूनच," ती म्हणाली. "आज वेळ नव्हता म्हणून आणलं."

जुईने आईकडे पाहिलं. आठवीतल्या मुलींना मोठ्यांचं सगळं कळत नाही, पण जे कळायचं ते नेमकं कळतं. तिने डब्याचं झाकण लावलं, हात पुसले आणि वर्षभरात पहिल्यांदा आईचा पदर ओढला.

"मग परत एकदा पाळण्यात बसायचं? मला बसायचंय. चल ना गं! आणि या वेळी डोळे उघडे ठेवायचे."

कुंदाने एकदा त्या उंच पाळण्याकडे पाहिलं आणि ती उठली.

कोणती सुट्टी चांगली, असं मला आयाबाया आणि बाप लोकही विचारतात. त्यांना मी एवढंच सांगते: जी देताना हात आखडतो, ती द्या.