पुढची चाकं, मागची चाकं

"पुढची का मागची, वस्ताद? एकदा काय ते सांगून टाका."

दस्तगीर वस्ताद चढणीवर पाइपने पाणी मारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

लोक सकाळी अंगणात सडा घालतात, वस्ताद चढणीवर घालत. माळावरच्या त्यांच्या घराकडे येणारी ती वाट तांबड्या मातीची, मुळातच घसरडी, आणि त्यात हे रोजचं पाणी. ऐन उमेदीत वस्ताद घाटातल्या मोटारींच्या शर्यती मारत आणि आता पोरांना शिकवत. त्यांचा नियम एकच होता. शिष्याने ही चढण गाडीने चढून यायचं. चालत आलेल्याशी ते पाऊसपाण्यावर बोलत, घरच्यांची चौकशी करत, पण गाडीबद्दल चकार शब्द काढत नसत.

इंद्रजित खाडे आज चालत आला होता. बुटांना चिखल आणि डोक्यात राग.

"घरी बरं हाय नव्हं?" वस्तादांनी विचारलं.

"घरचं राहू दे वस्ताद. रविवारचं बोला."

रविवारी घाटात शर्यत होती. याआधीच्या सगळ्या शर्यती इंद्रजित एकाच तऱ्हेने हरला होता. वळणातून बाहेर पडताना तो पाय दाबायचा, पुढची चाकं जागच्या जागी गरगरायची आणि गाडी वळायचं सोडून सरळ कठड्याकडे निघायची. तोवर बाकीचे पुढे गेलेले असायचे. यंदा जमलं नाही तर सोमवारपासून पेंडीच्या दुकानात बसायचं, असं वडिलांनी बजावून ठेवलं होतं. वडील एकदा बोलले की बोलले.

"दिगूची गाडी मला द्या," इंद्रजित म्हणाला.

दिगू हा वस्तादांचा दुसरा शिष्य. गाड्या दोन्ही वस्तादांच्याच होत्या आणि कुणी कुठली चालवायची हेही तेच ठरवत. इंद्रजितकडे होती तिची पुढची चाकं ओढायची. दिगूकडे होती तिची मागची चाकं ढकलायची. दिगू वर्षभर त्या गाडीवर घाम गाळत होता.

"दिगूला विचारलंस?"

"विचारलं. तो म्हणतो, वस्ताद सांगतील ते."

"मग त्यानं रविवारी काय चालवायचं?"

"माझी."

"जी तुला नको झालीय, ती."

इंद्रजितने बुटाचा चिखल एका दगडावर खरडला. पण माघार घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"वस्ताद, साधा हिशोब आहे. गाडीनं जोर घेतला की वजन मागं जातं. पुढची चाकं हलकी पडतात. हलक्या चाकांनी ओढायचं कसं? वर त्याच चाकांनी वळायचं पण! एकाच माणसानं लग्न पण लावायचं आणि पंगत पण वाढायची, असलं झालं हे. दिगूच्या गाडीत जिथं वजन जातं, तिथंच जोर असतो. म्हणून तो जिंकतो."

वस्तादांनी पाइप खाली टाकला. नळ बंद केला. हात पुसले.

"चालत आलेल्याशी मी गाडीवर बोलत न्हाई."

"अहो, पण ती चढतच नाही! अर्ध्यातनं मागं आली. तेच तर सांगतोय मघापासनं."

"तोंड फिरव तिचं."

"म्हणजे?"

"रिव्हर्समधी आण."

इंद्रजितला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. त्याने तोंडाकडे बघितलं. चेष्टा नव्हती.

तो चढण उतरून गेला. पायथ्याच्या मोकळ्या जागेत गाडी फिरवली आणि मान मागे वळवून पाठमोरी चढवायला लागला. खालच्या रस्त्याने गवताचे भारे घेऊन दोन बायका चालल्या होत्या. त्या थांबल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. इंद्रजितचे कान लाल झाले. मागचं नीट दिसत नव्हतं, मान अवघडली होती, आणि बाजूच्या चरात जाऊन आणखी शोभा व्हायला नको म्हणून त्याने गाडी बेताबेताने घेतली.

गाडी चढली. एकदाही न अडखळता दारापर्यंत आली.

इंद्रजित उडी मारून खाली उतरला.

"बघितलंत? उलटी केली, म्हणजे ओढणारी चाकं उताराच्या बाजूला आली. वजन त्यांच्यावर आलं आणि चढली! मी म्हणतो तेच झालं की नाही?"

"झालं की," वस्ताद म्हणाले.

"मग मी बरोबर?"

"बरोबर हाईस."

वस्ताद आत गेले आणि दिगूच्या गाडीची किल्ली घेऊन आले. ती त्यांनी इंद्रजितच्या हातावर ठेवली.

इंद्रजित तासभर भांडायच्या तयारीने आला होता. आता त्या तयारीचं करायचं काय, हे त्याला कळेना. किल्ली हातात होती तरी मनासारखा आनंद काही होईना.

"घेऊन जाऊ?"

"जा. पन आधी खाली ने आनि तोंड पुढं करून वर आन. दिगू रोज आनतो."

दिगूची गाडी घरामागे उभी होती. इंद्रजितने ती खाली नेली, वळवली, दम घेतला आणि पाय दाबला.

गाडी बाणासारखी निघाली. मागच्या चाकांखालून चिखलाचे फवारे उडाले. वजन मागे गेलं, जोर मागे होता, हिशोब अगदी बरोबर जमला. इंद्रजित मोठ्याने हसला आणि त्याने आणखी दाबलं.

चढण निम्मी झाली तेव्हा गाडीची शेपूट डावीकडे निघाली. त्याने स्टिअरिंग फिरवलं. शेपूट उजवीकडे आली. त्याने पुन्हा फिरवलं, पाय मात्र तिथेच दाबलेला. गाडी आडवी झाली, तशीच घसरत खाली आली आणि पायथ्याच्या मुरुमाच्या ढिगाला टेकून थांबली.

भारेवाल्या बायका आता हसल्या नाहीत. त्या घाईने निघून गेल्या.

इंद्रजित स्टिअरिंग धरून बसून राहिला...

वरून इंद्रजितची गाडी सावकाश खाली आली. वस्ताद चालवत होते. त्यांनी ती पायथ्याला फिरवली आणि तिचं तोंड चढणीकडे करून उभी केली.

"हिचे टायर बाद झालेत वस्ताद," इंद्रजित काच खाली करून म्हणाला. "आणि तुम्ही पाणी जरा जास्तच मारलंय आज."

"आसंल. हिकडं ये."

शर्यतीसाठी वजन कमी करायचं म्हणून त्या गाडीतली बाजूची सीट काढून टाकलेली होती. वस्ताद सरकून तिथल्या उघड्या पत्र्यावर बसले. इंद्रजित चालवायला बसला.

"तोंड पुढंच आहे," तो म्हणाला. "मघाशी अशीच चढली नव्हती."

वस्ताद कुशीवर आडवे झाले, उजवा हात इंद्रजितच्या पायांच्या वरून पलीकडे घातला आणि पंजा अ‍ॅक्सिलरेटरवर पालथा ठेवला.

"आता पाय ठेव."

"कुठं?"

"जिथं ठेवतोस तिथं."

"वस्ताद, हात काढा."

"पाय ठेव."

"बूट आहे माझ्या पायात. असला जाड!"

"मला दिसतोय."

इंद्रजितने पाय अधांतरी धरला. तो हात हाडकुळा होता, शिरा वर आलेल्या, करंगळी कधीतरी मोडून वाकडीच जुळलेली. याच हाताने वस्तादांनी त्याला पहिल्यांदा गिअर टाकायला शिकवलं होतं.

"बूट तरी काढू द्या."

"रविवारी अनवानी चालवनार हाईस?"

इंद्रजितने बुटाकडे नेलेला हात मागे घेतला.

"दुसऱ्यात टाक. चल."

त्याने पाय ठेवला. क्लच हळूहळू सोडला. गाडी हलली आणि चढणीला लागली.

इंद्रजित घामाघूम झाला. घाटातल्या वळणावर तीनशे फूट दरी बाजूला असताना त्याला कधी भीती वाटली नव्हती, ती आता बैलगाडीच्या वेगाने जाताना वाटत होती. बुटाच्या तळव्यातून त्याला बोटं कळत होती. मोजून सांगता आली असती इतकी कळत होती.

निम्म्यावर, दिगूची गाडी जिथे आडवी झाली होती त्या जागी, पुढची चाकं निसटायला लागली. आवाज बदलला. एरवी हा आवाज आला की त्याचा पाय आपसूक तळाला जायचा. तो जायला निघालाही.

पण खाली हात होता.

पाय थांबला. थांबला, आणि केसभर वर आला.

चाकं पुन्हा हळू झाली. मातीत रुतली. मातीने त्यांना धरलं आणि गाडी पुढे सरकली. मग आणखी थोडी...

चढण संपली. इंद्रजितने दारात गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि पाय झटकन उचलून घेतला.

वस्ताद कण्हत उठून बसले. उतरले. पाठीला लागलेली धूळ झटकायला लागले.

"तुमचं वजन पुढं पडलं, म्हणून चढली का?" इंद्रजितने विचारलं. पण या खेपेला आवाजात जोर नव्हता. विचारायचं म्हणून विचारलं होतं.

"माझं कसलं वजन रं आता," वस्ताद म्हणाले.

खाली पायथ्याला दिगूची गाडी मुरुमाच्या ढिगाला टेकून तशीच उभी होती. इंद्रजित गाडीतून उतरला. चढण उतरून गेला, ती गाडी त्याने ढिगापासून सोडवली, मागच्या बाजूला लागलेला मुरूम हाताने काढला. मग ती चालू केली. दुसऱ्या गिअरमध्ये, गोगलगायीच्या चालीने, ती वर आणली आणि घरामागे जिथे होती तिथे नेऊन लावली.

परत आला आणि किल्ली वस्तादांच्या समोर ओट्यावर ठेवली.

"दिगूची दिगूला राहू दे. मी माझीच नेतो."

वस्तादांनी मान हलवली.

ते ओट्यावर बसून उजव्या हाताची बोटं उघडमीट करत होते. मनगटापासून नखांपर्यंत तांबडा चिखल लागला होता आणि त्या चिखलात बुटाच्या तळव्याची नक्षी उठलेली होती.

इंद्रजित ते बघत राहिला. मग खाली बसला. त्याला फार वाईट वाटलं.

"हात दुखला का, वस्ताद?"

वस्तादांनी हात उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"दुखला असता, तर गाडी चढली नसती."