तुळाजीचा वेल

फार वर्षं झाली त्याला. त्या दिवशी वैशाखाचं ऊन असं पडलं होतं, की सावरखिंड गावातली कुत्री रांजणांना पाठ लावून बसली होती. वारा बंद. आभाळात ढगाचा ठिपकाही नाही. हिरवं म्हणाल तर गावात एकच गोष्ट होती, तुळाजीचा भोपळ्याचा वेल.

आता हा तुळाजी कोण, तर गावाच्या कडेला राहणारा एकटा जीव. त्याला काही टाकवत नसे. चुलीतली राख तो चाळून ठेवायचा, थोडी भांड्यांना, थोडी बियाण्याला. ताक फार आंबलं की ते कढीलिंबाच्या बुंध्याशी जायचं. गव्हात कडुलिंबाचा वाळका पाला घातला की कीड लागत नाही, हेही गावाला त्यानंच दाखवलं. आणि हा वेल त्यानं वाढवला तो गावाच्या सांडपाण्यावर. रोज सकाळी दारोदार जायचा नि म्हणायचा, "बायांनो, भांड्यांचं पाणी वाटेवर फेकू नका गं. माझ्या चरात सोडा."

शेजारची गजराबाई त्याला चिडवायची. "भावजी, खरकटं पाणीबी मागून नेता! उद्या आमच्या चुलीचा धूर मागाल!"

"धुराचा काही उपयोग सापडला की येतोच, वहिनी," तुळाजी सावकाश म्हणायचा.

त्या पाण्यावर वेल एका छपरावरून दुसऱ्या छपरावर गेला. बघता बघता सगळं गाव पांघरून बसला. मारुतीच्या देवळावर जो भोपळा धरला, तो देवळाच्या कळसाहून मोठा होता, असं म्हणतात. पण तुळाजी एकाही भोपळ्याला हात लावू देत नसे. पावसाळ्याचे चार महिने त्याचं पोट त्यांच्यावरच चालायचं. जमीन ना जुमला, दुसरं होतं काय त्याच्याकडे?

त्या काळी लग्नाचा दिवस दोरीवर असायचा. तिथी ठरली की दोन दोऱ्यांना सारख्या गाठी मारायच्या. एक दोरी मुलीकडे, एक मुलाकडे. रोज सकाळी एक गाठ सोडायची. गाठी संपल्या की लग्न. गजराबाईच्या सुभीचं लग्न असंच ठरलं होतं आणि तिच्या दोरीला अजून चार गाठी होत्या. पण मुलाकडं काय झालं, की चार दिवस सकाळी बापानं गाठ सोडली आणि त्याला न विचारता आजीनंही सोडली. झालं! त्या भर उन्हात खिंडीतून ताशा वाजत आला. मागं दीडशे माणसांचं वऱ्हाड.

गजराबाई मटकन खाली बसली. घरात गहू होता, तेल होतं. पण भाजीचं पान नाही, गुळाचा खडा नाही. बाजार चार दिवसांनी. वऱ्हाड उपाशी परतलं तर सोयरीक मोडलीच म्हणायची. सगळं गाव वर छपरांकडं बघायला लागलं, मग तुळाजीकडं. गजराबाईनं मात्र मान खाली घातली. कुठल्या तोंडानं मागणार?

तुळाजीनं वेलावरून एकदा हात फिरवला. पावसाळा डोळ्यापुढं आला असेल त्याच्या. मग त्यानं विळा घेतला.

"वहिनी, उठा, तेल तापवा," तो म्हणाला. "राखून ठेवायचं ते असल्याच दिवसासाठी. फक्त एक करा. साल फेकू नका, बी फेकू नका."

मग काय विचारता! फुलांची भजी झाली, कोवळ्या पानांची भाजी झाली, सालीची तीळ घालून चटणी झाली. बिया भाजून पोरांच्या ओच्यात गेल्या. देवळावरचा भोपळा सहा गड्यांनी उतरवला. त्याचे घारगे केले, तर गूळ घालावा लागलाच नाही, इतका तो गोड होता, असं म्हणतात. दीडशे वऱ्हाडी जेवले, गाव जेवलं, ताशेवाले दोनदा जेवले, तरी भोपळा निम्मा उरला होता, असंही म्हणतात. मुलाची आजी बोटं चाटत म्हणाली, "बरं झालं बाई मी गाठी सोडल्या!"

आणि त्या पावसाळ्यात तुळाजी एक दिवसही उपाशी राहिला नाही. रोज एका घरून त्याचं ताट यायचं.

आजही सावरखिंडीत लग्नाचं पहिलं पान घारग्याचं असतं. सासरी निघालेल्या पोरीच्या पदरात राखेत घोळलेल्या भोपळ्याच्या बिया बांधतात, त्याला 'तुळाजीची ओटी' म्हणतात. आणि मांडवात एक पाट त्याच्या नावानं मांडतात. तो का, तर वऱ्हाड आलं त्याच सांजेचा गोरज मुहूर्त गावच्या जोशीबाबांनी काढला, तेव्हा तुळाजी मांडवाबाहेर साली गोळा करत बसला होता. गजराबाई त्याच्यापाशी गेली. तिचे डोळे भरले होते, तरी आवाज दरडावणीचाच होता.

"ऱ्हाऊ द्या ती टोपली. पोरीचा मामा घाटाखाली, त्याला कळायलाच दोन दिवस जातील. चला, हात धुवा, नि सुभीला बोहल्यावर तुम्ही घेऊन या, दादा."