उत्तर बाकी

“सगळी आली?”

“सगळी, महाराज.”

सोमगिरी महाराज खुर्चीच्या कडेवर सरकले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

तापीकाठच्या त्या लहानशा मठात एकोणीस वर्षं लोकांची पत्रं ई-मेलनं येत होती. प्रत्येकाला महाराज स्वतः उत्तर लिहीत, दोन बोटांनी. ती सगळी पत्रं कॉम्प्युटरवरच्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये साठलेली होती, आणि तो आता दिवसातून चारदा अडकत होता. एक दिवस तो कायमचा बंद पडला असता, तर पत्रंही गेली असती.

शार्दूलनं हे काम हौसेनं अंगावर घेतलं. पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून तो मठात आला होता. एकेक फोल्डर जुन्यातून काढायचा, नव्या प्रोग्रॅममध्ये भरायचा, दोन्हीकडे पत्रं उघडून ताडून पाहायची. चार दिवस तो जेवायलाही धड उठला नव्हता. आज सगळं जमलं होतं, आणि हे आपल्यावाचून कुणाला जमलं नसतं, हेही त्याच्या मनात होतंच.

“शोधून दाखव बघू. कुडाळचे मास्तर... बकरीचं विचारलं होतं त्यांनी.”

शार्दूलनं ‘बकरी’ लिहिलं. पापणी लवायच्या आत पत्र समोर.

महाराज खदखदून हसले. “अरे, बारा वर्षं झाली याला. आता ती मुलगी काढ, परीक्षेच्या आदल्या दिवशी लिहिणारी.”

तीही निघाली. मग महाराजांना चेवच आला. जळगावचा शिंपी, बोटीवरचा स्वयंपाकी, सासूशी न बोलणारी सून... फोटोसकट सगळे हजर. गुरुशिष्य दोघंही पोरांसारखे स्क्रीनला नाक लावून बसले होते. शार्दूलचा आनंद गगनात मावेना.

“मग महाराज, जुनं आता पुसून टाकतो. दोन-दोन कशाला ठेवायचं?”

त्याला घाई होती. घाईचं कारण त्याचं त्यालाच ठाऊक होतं.

जुन्या प्रोग्रॅममध्ये ‘उत्तर बाकी’ नावाचा एक फोल्डर होता. पत्र आलं की महाराज आधी ते तिथे ठेवत आणि उत्तर धाडलं की ज्याच्या त्याच्या गावाच्या फोल्डरमध्ये हलवत. परवा शार्दूलनं तो उघडला, तर आत एकच पत्र. आठ वर्षांपूर्वीचं, बिननावाचं.

ते त्यानंच पाठवलं होतं. थोरला भाऊ मठात जाऊ लागला म्हणून संतापून, खोट्या पत्त्यावरून. ‘तुम्ही ढोंगी आहात. तुम्हाला स्वतःला काही सापडलंय का? हिंमत असेल तर सांगा.’

वाचताना त्याचे कान तापले. महाराजांना कळलं तर मठात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. तो फोल्डर त्यानं नव्यात आणलाच नाही. एवढ्या हजारांत एका पत्रानं काय बिघडतं...

त्यानं माउस पुढे सरकवला. महाराजांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

“‘उत्तर बाकी’ कुठंय?”

“तो... रिकामा होता, महाराज.”

महाराजांनी कीबोर्ड ओढून घेतला आणि नव्या प्रोग्रॅमच्या शोधायच्या चौकटीत दोन बोटांनी लिहिलं, ‘ढोंगी’.

तीन पत्रं निघाली. महाराजांना ढोंगी म्हणणारा शार्दूल काही एकटाच नव्हता. महाराजांनी तिन्ही उघडली, तिन्ही बंद केली. पुन्हा एकदा शोधलं.

मग त्यांचा चेहरा पडला. इतका वेळ चाललेलं हसू पार मावळलं. शार्दूलनं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, आणि ते त्याला बघवेना.

“आहे, महाराज. जुन्यात आहे. मी आणलं नाही.”

“का?”

“ते... मी लिहिलं होतं.”

“कुणी लिहिलं ते मी विचारलं नाही. आणता येईल?”

“येईल.”

“मग आण ना रे लवकर.”

चार दिवसांत शेकडोदा केलेलं काम शार्दूलकडून दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा पत्र नव्या प्रोग्रॅममध्ये उघडलं.

महाराजांनी ते सावकाश वाचलं. पहिलं वाक्य. दुसरं. तिसरं. मोठा श्वास सोडला, आणि त्यांचे डोळे मघापेक्षाही लकाकले.

“आलं. अक्षर न् अक्षर आलं.”

शार्दूलला रडू आवरेना. “आठ वर्षं तुम्ही हे ठेवून घेतलंत... महाराज, हे एवढं तरी मला पुसू द्या.”

महाराजांनी खुर्ची पुढे ओढली.

“वेडा आहेस का? याच्या उत्तराचा सराव म्हणून तर ही आठ वर्षं बाकीच्या सगळ्यांना लिहीत आलोय.”