दोरीचं टोक

समुद्रात किती बेटं आहेत हे अजून कुणी मोजलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. अशाच एका बेटावर एक नावाडी राहत होता. घरात त्याची म्हातारी आई, बायको, धाकटा भाऊ आणि दोन लेकरं. धोंडू पाच वर्षांचा, मैना तीनची.

त्या बेटाची एक रीत होती. लहान मूल होडीत बसलं की त्याच्या पाठीला दोन सुके, पोकळ भोपळे बांधायचे. कमरेला दोरी बांधायची आणि दोरीचं टोक एका मोठ्या माणसाने हातात धरायचं. टोक दुसऱ्याला देताना विचारायचं, "धरलं?" त्याने "धरलं" म्हटल्याशिवाय सोडायचं नाही.

एकदा सगळे पलीकडच्या किनाऱ्यावर जत्रेला निघाले. नावाड्याच्या बायकोचा जीव पहाटेपासून थाऱ्यावर नव्हता. तिने एकेक गाठ तीनतीनदा ओढून पाहिली.

"वहिनी, पोरं जत्रेला निघालीत की शेळ्या बाजाराला?" दीर हसला.

"हसा, भावजी. तुम्हाला पोरं झाली की विचारीन."

"आई, भोपळा टोचतो," मैना कुरकुरली.

"टोचू दे, बाळा."

शिडात वारा भरला आणि होडीने किनारा सोडला. नवरा सुकाणूवर होता, दीर शिडाच्या दोराशी. धोंडूची दोरी दिराच्या मनगटाला होती, मैनेची आईच्या मुठीत. पण आईची नजर सगळीकडे भिरभिरत होती. तो ढग काळा आहे का? शिडाचं ठिगळ उसवलं तर? ती लाट जरा मोठी नाही का?

अर्ध्या वाटेत एक लाट खरंच होडीत शिरली. पाणी घोट्यापर्यंत आलं.

"अगं, पाणी उपस!" नवरा ओरडला.

तिने करवंटी उचलली. मैनेच्या दोरीचं टोक सासूच्या मांडीवर ठेवलं. "आत्याबाई, धरलं?"

म्हातारीला होडी लागली होती. डोळे मिटून ती डोलकाठीला टेकली होती. तिची मान हलली. सुनेला वाटलं, हो म्हणाल्या. तिने टोक सोडलं.

पण मान हलली होती ती लाटेच्या हिसक्याने.

तेवढ्यात वारा फिरला. "शीड वळवतोय, सांभाळा!" दीर ओरडला. होडी एका अंगाला कलली. मैना फेसाला हात लावायला उठली होती. आईने मान वर केली तेव्हा मैनेची जागा रिकामी होती आणि दोरी सरसर काठावरून पाण्यात जात होती. आईने झेप घेतली. टोक बोटांतून निसटलं.

"मैना!"

वाऱ्यावर सुटलेली होडी जागच्या जागी थांबत नाही. आईने एक पाय काठावर टाकला.

"उडी मारू नकोस!" नवरा गरजला. "मी दोघींना कुठं शोधू? बोट कर तिच्याकडे. नजर हलवू नकोस!"

डोलकाठीला मिठी मारून ती उभी राहिली, बोट समोर धरून. दोन पिवळे भोपळे दिसायचे, लाटेआड जायचे, पुन्हा दिसायचे. तिने पापणी लवू दिली नाही.

"डावीकडे... अजून डावीकडे... अहो, दिसत नाही हो! ... दिसली, दिसली!"

दिराने शीड उतरवलं. होडी हळूहळू वळली. किती हळू! शेवटी दिराने वाकून तरंगती दोरी पकडली आणि पोरीला वर ओढलं. ओठ निळे पडले होते. ती पाणी ओकली, आणि मग रडत म्हणाली, "भोपळा टोचतो."

आईने तिला पदरात घट्ट गुंडाळलं.

"मला वाटलं, पोर तुझ्याजवळ आहे," म्हातारी पदराने डोळे पुसत म्हणाली.

"मला वाटलं, आईजवळ," दीर म्हातारीकडे पाहून म्हणाला.

"आपण चार मोठी माणसं होडीत," नावाडी म्हणाला, "म्हणून मी वळून पाहिलंच नाही."

"मी विचारलं होतं," आई म्हणाली. "पण उत्तर ऐकायला थांबले नाही."

जत्रेहून परतताना तिने पुन्हा सासूपुढे टोक धरलं. "आत्याबाई, धरलं?"

म्हातारीने दोरीचे दोन वेढे मनगटाला घेतले आणि शेजारच्या होडीतली माणसं दचकून पाहतील एवढ्या मोठ्याने म्हणाली, "धरलं!"

मगच सुनेने मूठ उघडली.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आयांनो, ध्यानात ठेवा: सगळ्यांवर सोडलेलं मूल कुणाच्याच हाती नसतं, त्याला एकाच्या हाती द्यावं, आणि त्या माणसाचा होकार कानांनी ऐकूनच आपला हात सोडावा.