एका काटकीला एक प्रश्न

"...म्हणजे मी प्रश्न विचारायचाच नाही, असं का?"

"विचारा की. आधी काटकी आणा."

वामनराव सर रिक्षातून उतरून अजून नीट टेकलेही नव्हते. मठी त्यांच्याच गल्लीच्या टोकाला, चालत पाच मिनिटांची वाट. तेवढ्यासाठी रिक्षा.

ठकूमाईंनी धुनीवरची राख सारली. वय ऐंशीच्या पुढे. चाळीस वर्षं धुनी विझू दिलेली नाही.

मठीची रीत साधी होती. ज्याला विचारायचं असेल त्यानं ओढ्यापलीकडच्या झाडांतून स्वतःच्या हातानं एक सुकी काटकी आणायची. ती जळेपर्यंत माई ऐकणार. जळली की पुन्हा डाळ निवडायला लागणार.

"मी आजारी माणूस आहे," सर म्हणाले. "कॅन्सर आहे मला. आतड्याचा."

"इंदुमतीनं सांगितलं."

"तरी काटकी?"

"धुनीला कुठं कॅन्सर आहे?"

सरांनी बायकोकडे पाहिलं. इंदुमतीबाईंनी पदरानं तोंड पुसलं. की लपवलं, कोण जाणे.

सरांची एकतीस वर्षं शाळेत गेली, त्यातली बारा मुख्याध्यापक म्हणून. आयुष्यभर यांनी विचारायचं आणि दुसऱ्यांनी उभं राहायचं. आता केमोचे तीन डोस झाले होते, तीन राहिले होते. डोक्यावरचे केस गेले आणि गृहस्थांनी भिंतीकडे तोंड करून जे अंग टाकलं, ते दीड महिना. डॉक्टर दोनदा म्हणाले, "सर, रोज जमेल तेवढं चाला, मनाला बरं वाटेल." तर यांचं उत्तर, "मन काय पायात असतं?"

आणि सोमवारी जाहीर केलं, चौथ्या डोसाला मी जाणार नाही.

पुरुषमाणसानं एकदा जाहीर केलं की घरात कुणी बोलायचं नसतं. इंदुमतीबाई बोलल्या नाहीत. त्यांनी रिक्षा बोलावली.

"चल इंदू, घरी," सर उठले. "इथं अंधश्रद्धा आहे सगळी."

माई डाळ निवडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी लहू टेंपोवाला मठीसमोर उभा. मागं लाकडाची ही एवढी मोळी.

"सरांनी पाठवलीय, माई. म्हणाले, वर्षभराचे प्रश्न एकदम."

माईंनी मोळीतली एक काटकी ओढली, धुनीत टाकली.

"विचार बाबा."

"मी?"

"तूच आणलीस ना?"

लहूनं इकडेतिकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "माई... माझी सासू चार महिने झाले आलीय. ती तिच्या गावी कधी जाईल?"

"तिला विचारलंस?"

"नाही हो, हिंमत नाही."

"मग तिला राहा म्हण. मनापासून, चार वेळा. आठवड्यात जाईल."

लहू उड्या मारत गेला. उरलेली मोळी माईंनी शाळेच्या चुलीला पाठवली.

ही बातमी सरांना अंथरुणात कळली. सर उठून बसले.

"त्याच्या सासूचं उत्तर मिळतं? माझ्या लाकडावर? इंदू, टोपी दे माझी!"

माकडटोपी घालून, भर चैत्रात, सर ओढ्याकडे निघाले. वाटेत तीन ठिकाणी बसले. हॉटेलच्या बाकावरचे लोक बघत होते. सरांनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की दोघं सवयीनं उभे राहिले. जुने विद्यार्थी!

अर्ध्यापाऊण तासानं सर मठीत आले. काटकी पुढं केली. प्रश्न दीड महिना घोटून तयार होता, माझ्याच वाट्याला का?

माईंनी काटकी वाकवली. ती नुसतीच वाकली.

"ओली आहे. धूर करेल."

"मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलंय, मला झाडं सांगू नका."

"मग झाडाखालीच मोडून बघायचं राहून कसं गेलं? कट् वाजली की सुकी."

सर परत गेले. काय करतील? पुस्तकातलं हरलं होतं.

या वेळी काटकी कट् वाजली. सर परत येऊन धाडकन बसले, काटकी धुनीत टाकली, घाम पुसला...

"पाणी मिळेल का थोडं?"

"मिळेल." माईंनी तांब्या दिला.

सर पाणी प्यायले. तोवर काटकी जळून गेली. माईंनी डाळ पुढं ओढली.

"अहो, हा माझा प्रश्न नव्हता!"

"विचारलात. उत्तरही प्यायलात."

इंदुमतीबाई खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेल्या.

मग रोजच सुरू झालं. सर चिडून जात, चिडून येत. एके दिवशी विचारलं, "देव आहे का?"

"ओढ्याला पाणी किती आहे आज?" माईंनीच उलट विचारलं.

"घोट्याएवढं. काल पोटरीपर्यंत होतं. आणि तो करंज आहे ना, त्याला पालवी फुटायला लागलीय. खालच्या फांदीवर बुलबुलानं..." सर बोलत राहिले. काटकी जळली.

घरी जाताना त्यांच्या लक्षात आलं, देवाचं राहूनच गेलं. मग ते वाटेतच थांबून एकटे हसले. बाकावरच्यांना वाटलं, औषध डोक्यात गेलं. टोपी काढून सरांनी त्यांना चकचकीत डोकं दाखवलं. "घ्या, बघून घ्या एकदाचं. उकडतंय मला."

बुधवारी संध्याकाळी ते बायकोवर ओरडत होते, "उद्या दवाखान्यात उशीर नको मला, सांगून ठेवतो! डोस लवकर आटपायचा. त्या म्हातारीशी वाद अर्धा राहिलाय."

इंदुमतीबाई भाकरी थापत होत्या. "बरं," एवढंच म्हणाल्या. ती भाकरी मात्र करपली.

चौथा डोस सरांना फार लागला. दोन दिवस पोटात पाणी ठरेना. तिसऱ्या दिवशी बायकोच्या खांद्यावर हात ठेवून ते जेमतेम अंगणाच्या फाटकापर्यंत गेले. मेंदीच्या कुंपणातली एक सुकी काडी मोडली. मग बसत-उठत गल्लीच्या टोकापर्यंत.

"आज जवळची चालेल?"

"प्रश्न लहान असेल तर चालेल."

सरांनी बराच वेळ विचार केला.

"आज भाजी काय केलीय?"

"मेथी."

सर समाधानानं मान हलवून गेले.

पाचवाही डोस झाला. त्यानंतर आठवड्याभरानं सर सकाळी निघाले ते ओढ्यावर थांबलेच नाहीत. पार पलीकडच्या चढापर्यंत गेले. इंदुमतीबाई मठीच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. पांढरा सदरा लहान होत गेला, दिसेनासा झाला, पुन्हा दिसायला लागला.

सर आले. आज टोपी नव्हती. डोक्यावर पिलाच्या पिसांसारखी लव आली होती.

"माई, आजचा प्रश्न खरा आहे. पहिल्या दिवसापासून जिभेखाली आहे. मी अजून किती..."

त्यांनी काटकी पुढं केली.

इंदुमतीबाईंना तो प्रश्न ठाऊक होता. रोज उशाशी ऐकू यायचा, न बोलता. त्यांनी डोळे मिटले.

माईंनी काटकी घेतली. वाकवली. तिची दोन्ही टोकं एकमेकांना लागली, पण आवाज झाला नाही. शेंड्याला बोटभर हिरवं पान होतं.

"मास्तर, ही ओली आहे."

"हो."

"मोडून बघितली नाहीत?"

"बघितली."

धुनीत कुठंतरी एक निखारा फुटला.

माई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. चाळीस वर्षांत त्यांना कुणासाठी उठलेलं कुणी पाहिलं नव्हतं. दारापर्यंत गेल्या आणि ती काटकी त्यांनी छपराच्या वळचणीत खोचली.

"वाळली की विचारा. दिवाळीला वाळेल."

"दिवाळीला?" सरांमधला विज्ञानाचा मास्तर उसळला. "माई, करंगळीएवढी काटकी ती! वर वैशाखाचं ऊन. आठ दिवसांत खडखडीत वाळेल!"

"वळचण माझी आहे, मास्तर. दिवाळी म्हटलं की दिवाळी. उद्याची मात्र सुकी आणा."