पाणमांजरीचं पथ्य

जंगलातल्या एका नदीच्या काठी, करंजाच्या मुळांखालच्या बिळात, एक पाणमांजर आपल्या एकुलत्या एका पिलाला घेऊन राहत असे. मासे पकडावेत, पोटभर खावेत आणि बिळात येऊन पिलाला पाजावं, एवढंच तिचं जग. पिलू कसं गुटगुटीत होतं! आईच्या पाठीवर बसून पाण्यात काय जायचं, तिची शेपटी काय ओढायचं! एके दिवशी त्याच्या मानेवर पांढरा डाग उठला, उंबराएवढा. तो ना दुखत होता, ना खाजत होता. पण काठावरच्या दुसऱ्या पाणमांजरींनी आपापली पिलं झटकन मागे ओढली, आणि आईच्या काळजात चर्र झालं.

ती पिलाला घेऊन तडक कासविणीकडे गेली. कासवीण शंभरीला टेकलेली, त्यामुळे नदीत तिचा शब्द कोणी खाली पडू देत नसे.

"आजी, माझ्या पिलाला हे काय झालं गं?"

कासविणीने डाग धड पाहिलासुद्धा नाही. "मासे खातेस आणि वर दूध पाजतेस! मासे आणि दूध एकत्र आलं की कोड उठतंच, पोरी. आजपासून मासा बंद, खेकडा बंद. शेवाळ खा, उंबरं खा. रक्त शुद्ध होईल."

आता बघा मुलांनो, त्या नदीतल्या झाडून सगळ्या पाणमांजरी मासे खाऊनच पिलांना पाजत होत्या. आणि कासविणीने तर जन्मात कोणाला पाजलं नव्हतं. अंडी वाळूत पुरायची आणि चालू पडायचं, ही तिची रीत! पण घाबरलेल्या आईला हे सुचायचं कसं?

तिने पथ्य धरलं. शेवाळ तोंडात घेताच तिला उमासे यायचे, तरी ती गिळायची. समोरून गलेलठ्ठ मरळ गेली की मान फिरवायची. आठ दिवसांत दूध आटलं. "आई, येत नाहीये गं," म्हणून पिलू रडायचं. मग त्याचे केस झडू लागले आणि डागाभोवतीचं अंग उघडं पडलं, म्हणून डाग मोठा दिसू लागला. आई पुन्हा कासविणीकडे धावली.

"आजी, डाग वाढला!"

"कुठंतरी पथ्य मोडलं असशील. आठव."

बिचारीने खूप आठवलं. "परवा खेकड्याची एक नांगी चाटली होती."

"मग भोग आता! आणखी कडक पाळ."

आई मान खाली घालून परतली. पिलाकडे बघायचीही तिला लाज वाटू लागली.

चार दिवसांनी वरच्या डोहातून एक म्हातारी पाणमांजर पोहत आली. तोंडात मासा, आणि अंग हनुवटीपासून पोटापर्यंत पांढरंफटक. आई बघतच राहिली.

"मावशी, तुमचं हे कधीपासून? माझ्या पिलालाही असाच डाग आहे."

"हे होय? लहानपणापासून. जन्मभर मासे खाल्ले, पाच पिलं वाढवली. या डागाने कोणी मरत नाही, बाई. पण तू अशी काडीसारखी का झालीस? आणि तुझं पिलू कुठंय?"

आईने तडक पाण्यात उडी घेतली, मासा धरला, अधाशासारखा गिळला आणि बिळात जाऊन पिलाला पोटाशी ओढलं. "पी, बाळा. आता येईल हं दूध." पण दूध असं घासाबरोबर उतरत नाही. पिलू चोखत राहिलं, मग तेही थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिलू गेलं. आईने त्याला चाटून स्वच्छ केलं. मानेवरचा डाग होता तेवढाच होता, उंबराएवढा. कासवीण भेटायला आली आणि म्हणाली, "पथ्य जरा उशिराच धरलंस गं, पोरी."

दुपारी आईला पान्हा फुटला.

तात्पर्य : अंगावरचा डाग अमुक खाल्ल्यानेच उठला, असे कोणी कितीही ठामपणे सांगितले, तरी 'कशावरून?' हे आधी विचारावे. ऐकीव पथ्यापायी पोटाला मारू नये.